शिवडीच्या खोलीत तापणारं ग्राफिक्स कार्ड

शिवडीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. त्यांतल्या १२ शिवडीत, पोर्ट ट्रस्टच्या जागेवर. खोली १६० चौरस फुटांची. तिथेच ओटा, तिथेच कपाट, तिथेच अंथरूण. गिरणीत आणि गोदीत राबणाऱ्या कुटुंबांनी अशा खोल्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या काढल्या. आज मुंबईतल्या अशा कितीतरी खोल्यांत कोपऱ्यातल्या टेबलावर संगणक आला आहे. मुलगी वास्तुरचनेचं थ्री-डी चित्र तयार करते, मुलगा मंडळाच्या गणपतीचा व्हिडिओ जोडतो, धाकटा गेम खेळतो. मे महिन्याच्या दुपारी टेबलाखालून घोंघावण्याचा आवाज वाढत जातो, पडद्यावरचं चित्र अडखळू लागतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, “कार्ड तापलंय, पंखा वाढव.”

पंखा वाढवून फरक पडतो. पण पंखा हा उष्णतेच्या वाटेवरचा एक टप्पा आहे आणि त्याच्या आधी नि नंतर आणखी टप्पे आहेत. कार्डात शिरलेली उष्णता शेवटी जाते कुठे, हे एकदा नीट कळलं की कमी खर्चात आणि कमी आवाजात कार्ड सांभाळता येतं.

वीज आत, उष्णता बाहेर

ग्राफिक्स कार्ड जेवढी वीज घेतं, ती जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. १७० वॉटचं कार्ड पूर्ण ताकदीने चाललं की १७० वॉटची शेगडी पेटवल्यासारखंच असतं. आरटीएक्स ३०६० हे लोकप्रिय कार्ड बरोबर १७० वॉटचं आहे. जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॉटवर भागवतं. मदरबोर्डवरची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देऊ शकते, म्हणून अशा लहान कार्डांना बहुधा वीजपुरवठ्याची वेगळी वायर लागत नाही. २०२२ साली आलेल्या आरटीएक्स ४०९० ची मर्यादा ४५० वॉट आहे.

संगणक आणि उष्णता यांचा झगडा मुंबईला नवा नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा भारतात रचलेला सुरुवातीचा संगणक सुरू झाला, तेव्हा त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. प्रत्येक नळीतली तार तापून लाल झाल्याशिवाय ती नळी कामच करत नसे. त्यामुळे गणित करण्याइतकंच ती उष्णता हटवणंही महत्त्वाचं काम होतं. नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले आणि एकेका ट्रान्झिस्टरची उष्णता नगण्य झाली. पण त्यांची संख्या वाढत गेली. १९९९ च्या जीफोर्स २५६ या चिपवर दोन कोटींच्या आसपास ट्रान्झिस्टर होते आणि तिला नखाएवढ्या पात्यांचा एक छोटा पंखा पुरत असे. ४०९० च्या चिपवर ७,६३० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. तिच्यावर विटेहून मोठा धातूचा सांगाडा आणि वर मोठे पंखे बसवावे लागतात.

उष्णतेची वाट

उष्णता तयार होते ती नखभर सिलिकॉनच्या तुकड्यात. तिथून ती थर्मल पेस्टच्या पातळ थरातून तांब्याच्या तळपट्टीत जाते. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात आणि त्यांत हवा अडकते. हवेतून उष्णता फार हळू सरकते. पेस्ट त्या फटी भरते, एवढंच तिचं काम. म्हणून ती जाड लेपायची नसते.

तळपट्टीतून उष्णता हीट पाइपमध्ये जाते. दिसायला ती तांब्याची भरीव कांब वाटते, पण आतून पोकळ असते. तिच्यातली हवा काढून चमचाभरापेक्षाही कमी पाणी भरलेलं असतं. दाब कमी असल्याने हे पाणी शंभर अंशांच्या बरंच खाली उकळतं. तापलेल्या टोकाला वाफ होते, ती वेगाने थंड टोकाकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि आतल्या भिंतीवरच्या सच्छिद्र तांब्यातून मागे झिरपते. दिव्याची वात तेल वर ओढते, तसंच. या नळीला वीज लागत नाही आणि तिच्यात हलणारा भागही नाही. तेवढ्याच जाडीच्या भरीव तांब्यापेक्षा ती कितीतरी पटींनी उष्णता वाहते.

नळ्यांच्या दुसऱ्या टोकाला ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात. इथे उष्णता धातूतून हवेत उतरते आणि पंख्याचं काम सुरू होतं. पट्ट्यांमधली तापलेली हवा ढकलून तो तिथे नवी हवा आणतो. ही तापलेली हवा आधी कॅबिनेटमध्ये, म्हणजे आपण सर्रास ज्याला सीपीयू म्हणतो त्या डब्यात येते, तिथून खोलीत आणि खोलीतून खिडकीबाहेर. यातला एक टप्पा तुंबला की मागचे सगळे तुंबतात.

खोलीचं तापमान हा पाया

कार्डाचं तापमान समजून घेण्यासाठी एक साधी बेरीज पुरते. खोलीचं तापमान, अधिक कार्डाने त्यावर घेतलेली चढण. ही चढण कार्डाच्या वॉटच्या प्रमाणात असते. समजा, डिसेंबरच्या रात्री खोली २५ अंशांवर आहे आणि १७० वॉटवर चालणारं कार्ड ६८ अंश दाखवतं. म्हणजे चढण ४३ अंशांची. तोच पंखा, तेवढेच फेरे आणि तेवढंच काम ठेवलं, तर मे महिन्यात खोली ३४ अंशांवर गेल्यावर कार्ड ७७ वर जाईल. कार्डात काहीही बिघडलेलं नसतं, फक्त पाया नऊ अंशांनी वर आलेला असतो.

आता त्याच कार्डाची वीज १३० वॉटवर बांधली, तर चढण सुमारे ३३ अंश होते आणि भर मे महिन्यातही कार्ड ६७ अंशांवर राहतं. डिसेंबरचं तापमान मे महिन्यात मिळतं आणि त्यासाठी एकही पंखा विकत घ्यावा लागत नाही.

पंख्याबद्दलचा एक समज इथे दूर व्हायला हवा. पंख्याखाली आपल्याला थंड वाटतं ते घाम सुकतो म्हणून. कार्डाला घाम येत नाही. त्यामुळे पंखा कितीही जोरात फिरवला तरी कार्ड खोलीच्या तापमानाखाली कधीच जाऊ शकत नाही. याच कारणाने मुंबईचा दमटपणा आपल्याला छळतो तसा कार्डाला छळत नाही. नागपूरचा मे महिना कोरडा असतो आणि तिथे पारा ४५ अंशांपुढे जातो. कार्डाच्या दृष्टीने शिवडीची चिकट दुपार त्यापेक्षा बरी. नागपूरकराकडे मात्र वाळ्याचा कूलर असतो. कोरड्या हवेत पाणी भरभर सुकून खोली थंड होते. मुंबईच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की कूलरचं पाणी सुकतच नाही. म्हणून शिवडीच्या खोलीत उरते ती खिडकी, दरवाजा आणि छताचा पंखा.

लहान खोलीत हे किती महत्त्वाचं आहे, याचा हिशेब मांडता येतो. १६० चौरस फुटांची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर तिच्यातल्या हवेचं वजन पन्नास किलोच्या आसपास भरतं. संपूर्ण संगणक ३०० वॉट खातो असं धरलं आणि दारं-खिडक्या घट्ट लावल्या, तर निव्वळ ती हवा तापायला लागली की दर तीन मिनिटांना एक अंश चढेल. प्रत्यक्षात भिंती, फरशी आणि फटी बरीच उष्णता घेतात, म्हणून वेग कमी असतो. पण दिशा तीच असते. खोली तापते, तापलेली हवा पुन्हा कार्डात जाते आणि पाया वर सरकत राहतो.

पंख्याचं गणित

पंख्याचे फेरे दुप्पट केले की हवा दुप्पट वाहते. पण त्यासाठी लागणारी वीज आठपट होते आणि आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने चढतो. १६० चौरस फुटांत अभ्यासाला बसलेल्या भावंडाला आणि रात्रपाळी करून झोपलेल्या वडिलांना हा फरक फार मोठा असतो. उलट फेरे फक्त २० टक्क्यांनी कमी केले तर वीज निम्म्यावर येते आणि आवाज जवळपास पाच डेसिबलने उतरतो. म्हणून एक पंखा ओरडत फिरवण्यापेक्षा दोन मोठे पंखे सावकाश फिरवणं केव्हाही चांगलं.

प्रत्येक कार्डात तापमान आणि फेरे यांची जोडी ठरवणारा आलेख असतो. त्याला फॅन कर्व्ह म्हणतात. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या मोफत प्रोग्राममध्ये तो स्वतः आखता येतो. आलेखात एकदम उभी पायरी ठेवली, की पंखा दर काही सेकंदांनी जोर धरतो आणि सोडतो. हा चढउतार एकसारख्या आवाजापेक्षा जास्त खुपतो. ५० अंशांना ३० टक्के, ६५ ला ४५, ७५ ला ६५ आणि ८५ ला पूर्ण, अशी हळूहळू चढणारी रेघ सुरुवातीला पुरेशी आहे. अनेक नव्या कार्डांत हलक्या कामाच्या वेळी पंखे मुद्दाम थांबवलेले असतात. ५०-६० अंशांच्या खाली पंखा स्थिर दिसला तर तो बिघडला असं समजून दुरुस्तीला धावू नये.

कॅबिनेटच्या पंख्यांचाही हिशेब करता येतो. ३०० वॉट उष्णता बाहेर न्यायची आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर मिनिटाला सुमारे दीड घनमीटर हवा बदलावी लागते. १२० मिलिमीटरचा एक चांगला पंखा मोकळ्यात एवढी हवा देतो. पुढे जाळी, मध्ये वायरी आणि मागे भिंत आली की त्याची क्षमता बरीच घटते. म्हणून पुढून दोन आत, मागून एक बाहेर ही रचना बहुतेकांना योग्य ठरते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असली की धूळ फटींतून ओढली जात नाही. ती जाळीवरच अडते आणि जाळी धुता येते.

किती तापलं म्हणजे जास्त?

एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६० साठी कमाल ९३ अंश आणि ४०९० साठी ९० अंश ही मर्यादा दिली आहे. कार्ड तिथे पोहोचण्याच्या बरंच आधीपासून वेग थोडा थोडा कमी करू लागतं, आणि मर्यादेला भिडलं की स्वतःला वाचवण्यासाठी चांगलंच मंदावतं. चित्र अडखळतं ते तेव्हा. एकाच चिपवरही सगळीकडे सारखं तापमान नसतं. सगळ्यात तापलेल्या बिंदूला हॉट स्पॉट म्हणतात. एएमडीने २०१९ मध्ये आरएक्स ५७०० मालिकेच्या वेळी हॉट स्पॉट ११० अंशांपर्यंत जाणं अपेक्षितच आहे, असं सांगितलं होतं. त्यामुळे हॉट स्पॉटचा आकडा पाहून लगेच घाबरू नये. चिपचं सरासरी तापमान आणि हॉट स्पॉट यांच्यात १०-१५ अंशांचा फरक नेहमीचा. तोच फरक पूर्वी १२ होता आणि आता २५-३० झाला असेल, तर पेस्ट सुकल्याची किंवा सरकल्याची शक्यता जास्त.

नुसत्या जास्त तापमानाइतकाच धोका तापमानाच्या चढउताराचाही असतो. तापल्यावर चिप, तिचा पाया आणि झाळ हे सगळे वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, थंड झाल्यावर आक्रसतात. हजारो वेळा असं झालं की झाळीला तडे जातात. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाला लॅपटॉपमधल्या बिघडणाऱ्या चिपपायी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर करावी लागली, त्यामागे चिपच्या बांधणीतला असाच कमकुवतपणा होता. कार्डावरच्या काही कपॅसिटरचं आयुष्य तर दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं. म्हणून ९० ऐवजी ७० अंशांवर कार्ड चालवण्याला अर्थ आहे. ५० वर आणण्याचा अट्टहास मात्र कुणी करू नये. त्यातून आवाजाखेरीज फारसं काही हाती लागत नाही.

शिवडीच्या हवेतलं मीठ, धूळ आणि तेल

शिवडीची हवा संगणकाला तीन दिशांनी गाठते. पूर्वेला खाडी आणि फ्लेमिंगो उतरतात ती दलदल, बाजूला बंदराकडे जाणारे ट्रक आणि गोदामं, आणि चारही बाजूंना बांधकामं. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू इथूनच निघतो. या भागाने बांधकामाची धूळ वर्षानुवर्षं पाहिली आहे. त्यात घरातली भर म्हणजे फोडणीचा तेलकट धूर, उदबत्ती आणि डासांची कॉइल. एकाच खोलीत ओटा आणि संगणक असला की हा तेलकट थर कार्डाच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बसतो आणि धूळ त्याला चिकटते. कोरडी धूळ ब्लोअरने उडते, ही चिकट धूळ उडत नाही. तिच्यासाठी मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच लागतं.

मिठाचं गणित आणखी वेगळं आहे. साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांपुढे गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाणावते ती याचमुळे. समुद्रावरून आलेल्या मिठाचे कण धुळीसोबत सर्किट बोर्डवर बसले असतील तर त्यांचंही तेच होतं आणि त्या ओलसर थरातून वीज झिरपू लागते. दलदलीच्या चिखलात सूक्ष्मजीव हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचा. घरातले चांदीचे पैंजण काळे पडतात ते अशाच गंधकाच्या वायूंमुळे, आणि इलेक्ट्रॉनिक भागांमधल्या चांदीवरही ते तशीच क्रिया करतात.

अशा हवेत कार्डाची माफक ऊब उपयोगी पडते. पावसाळ्यात बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना तीच हवा कॅबिनेटमध्ये ३८ अंशांवर गेली, तर तिची आर्द्रता सुमारे ५१ टक्क्यांवर उतरते. मीठ पाणावत नाही, बोर्ड कोरडा राहतो. पावसाळ्यात संगणक आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये, असं जुने दुरुस्तीवाले सांगतात, त्यामागचं शास्त्र हेच आहे. एसी असलेल्या घरांना एक सावधगिरी हवी. २२ अंशांवर गारठलेली खोली पावसाळ्यात एकदम उघडली, तर बंद असलेल्या यंत्राच्या थंड धातूवर दव धरू शकतं. बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं, तसंच. अशा वेळी यंत्राला खोलीचं तापमान येऊ द्यावं, मगच बटण दाबावं.

कशानंतर काय करायचं

पहिली पायरी मोजण्याची. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये कार्डाचं तापमान दिसतं. हॉट स्पॉट आणि पंख्याचे फेरे पाहायचे तर एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड वापरावं. अर्धा तास नेहमीचं जड काम चालू ठेवा आणि खोलीचं तापमान, कार्डाचं तापमान, हॉट स्पॉट आणि फेरे हे चार आकडे तारखेसह वहीत लिहा. खोलीचं तापमान वजा केल्याशिवाय दोन महिन्यांची तुलना करता येत नाही.

दुसरी पायरी जागेची. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, कपाटातून किंवा पलंगाखालून बाहेर काढा, जमिनीपासून थोडं उचला. ओट्यापासून जितकं दूर जाईल तितकं चांगलं.

तिसरी पायरी उष्णता कमी निर्माण करण्याची. चिपची वीज विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब १.०५ व्होल्टवरून ०.९५ वर आणला आणि वेग तोच ठेवला, तर ढोबळमानाने १८ टक्के वीज वाचते. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. प्रत्येक चिप वेगळी असते, म्हणून दाब थोडा थोडा उतरवावा आणि प्रत्येक वेळी तासभर काम करून पाहावं. हे किचकट वाटलं तर आफ्टरबर्नरमधली पॉवर लिमिटची पट्टी १०० वरून ८० टक्क्यांवर आणावी. वेगात होणारी घट बहुतेक कामांत त्या मानाने बरीच कमी असते. गेम खेळणाऱ्यांनी पडद्याची क्षमता ६० फ्रेमची असेल तर गेमही ६० वर बांधावा. न दिसणाऱ्या फ्रेमसाठी वीज जाळू नये.

चौथी पायरी सफाईची. शिवडीसारख्या ठिकाणी दर दोन-तीन महिन्यांनी जाळ्या धुवाव्यात आणि पावसाळ्यापूर्वी व दिवाळीत कार्ड पूर्ण साफ करावं. प्लग काढून, पंख्याची पाती बोटाने धरूनच ब्लोअर मारावा. हवेच्या झोताने पाती भन्नाट फिरली की बेअरिंग खराब होऊ शकतं, शिवाय फिरणारा पंखा उलट वीज निर्माण करतो.

पाचवी पायरी पेस्टची. वॉरंटी संपलेली असेल, हॉट स्पॉटमधला फरक वाढलेला असेल, तरच कार्ड उघडावं. मेमरीवरच्या थर्मल पॅडची, म्हणजे उष्णता वाहणाऱ्या मऊ पट्टीची, जाडी मोजून तेवढ्याच जाडीचं पॅड लावावं. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड बसलं तरी तळपट्टी चिपवर नीट टेकत नाही. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुनं कार्ड घेताना हॉट स्पॉटमधल्या फरकाची तपासणी करून मागावी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबल्यावर रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डं जुन्या बाजारात आली. त्यांची चिप बहुधा ठणठणीत असते, दमलेले असतात ते पंखे आणि पॅड.

नवा पंखा घेण्याची वेळ या पाच पायऱ्यांनंतर येते, आणि बहुतेक घरांत ती येतच नाही. येत्या रविवारी वही काढा, चार आकडे लिहा, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा आणि समोरची खिडकी उघडा. अर्ध्या तासाने तेच चार आकडे पुन्हा लिहा. आपल्या खोलीतल्या कार्डाला कशाची गरज आहे, ते या दोन ओळींमधल्या फरकातून कळेल.